पाचवी तार आणि खर्जाचा षड्ज

बेस गिटार चार तारांची घ्यावी की पाच तारांची, हा प्रश्न न्यूयॉर्कला किंवा लंडनला विचारला गेला, तर त्याचा फैसला वाजवणाऱ्याच्या हौसेवर, बोटांच्या लांबीवर आणि त्याला प्रिय असलेल्या संगीतप्रकारावर सोपवण्याचा प्रघात आहे. परंतु तोच प्रश्न नाशकात, कॉलेज रोडवरील एखाद्या तालमीच्या खोलीत किंवा महाकवी कालिदास कलामंदिराच्या रंगपटात उपस्थित झाला, तर त्याचा निर्णय करण्याचे एक खात्रीचे साधन आपल्या परंपरेने आपल्या हाती अगोदरच दिलेले आहे, आणि ते साधन म्हणजे गाणाऱ्याची पट्टी. वाद्य विकत घ्यायला निघालेला तरुण वाद्याचा रंग पाहतो, लाकडाचे नाव विचारतो, कोणता परदेशी वादक ते वाजवतो याची बारकाईने चौकशी करतो; पण आपण ज्याला साथ करणार तो गवई काळी एकमध्ये गातो की काळी चारमध्ये, हा विचार त्याच्या मनाला क्वचितच शिवतो. माझ्या मते पाच तारांच्या बेसची निवड करताना सर्वांत आधी ध्यानात घेण्याजोगी बाब तीच आहे.

ज्यांचा या वाद्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. ऑर्केस्ट्राच्या मंचावर साध्या गिटारहून लांब दांडीचे आणि जाड तारांचे जे वाद्य बहुधा ड्रम वाजवणाऱ्याच्या शेजारी उभे राहून वाजवले जाते, ते बेस गिटार होय. त्यावर सहसा गाण्याची चाल वाजवत नाहीत; गाण्याच्या तळाशी राहणारे खालचे स्वर एकेक करून, ठेक्याच्या अंगाने वाजवतात, आणि हे स्वर श्रोत्याला स्वतंत्रपणे ऐकू आले नाहीत, तरी ते थांबताक्षणी गाणे पोकळ झाल्याचे त्याला तत्काळ जाणवते. पेटीच्या भाषेत सांगायचे, तर चार तारांच्या बेसवरील तारा खालून वर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच अशा मिळवलेल्या असतात, म्हणजे साध्या गिटारच्या खालच्या चार तारांच्या बरोबर एक सप्तक खाली. त्यांतल्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ भरतात. पाच तारांच्या बेसमध्ये हिच्याही खाली पांढरी सातची तार येते आणि तिची कंपने सेकंदाला जेमतेम ३१ असतात. पियानोवरील सर्वांत खालचा स्वर साडेसत्तावीस कंपनांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही पाचवी तार किती खोल उतरते, याची कल्पना येईल.

वाद्याचा जन्म अलीकडचा आहे. पूर्वी हे काम माणसाच्या उंचीलाही मागे टाकणारा उभा डबल बेस करीत असे. तो वाहून नेणे कष्टाचे, त्याचा आवाज विजेच्या गिटारपुढे दबणारा, आणि त्याच्या दांडीवर पडदे नसल्यामुळे स्वर अचूक लावणे हे वर्षानुवर्षांच्या साधनेचे काम. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी, मुळात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' नावाचे वाद्य बाजारात आणले, तेव्हा या तिन्ही अडचणींचा परिहार त्यांनी एकाच वस्तूत केला. ते गळ्यात अडकवता येत होते, त्याचा आवाज विजेच्या साहाय्याने वाढवता येत होता आणि त्याच्या दांडीवर पडदे होते. घोडीपासून दांडीच्या टोकाकडील पट्टीपर्यंत तारेची मोकळी लांबी त्यांनी ३४ इंच ठरवली आणि तेच माप आजतागायत बहुसंख्य कारखान्यांचा दस्तूर होऊन राहिले आहे. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत, जेथे गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांतून स्वरलिपी वाचायला शिकलेल्या वादकांचा मोठा भरणा होता, हे वाद्य डबल बेसच्या शेजारी आले आणि हळूहळू त्याची जागा घेऊन बसले. राहुल देव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत टोनी वाझ यांची बेस गिटार ज्यांनी लक्ष देऊन ऐकली असेल, त्यांना गाण्याच्या तळाशी काय घडू शकते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. या वादकांची नावे श्रोत्यांपर्यंत पोचायला कित्येक दशके लागली, आणि आपल्या गावच्या कार्यक्रमपत्रिकांतून बेस वाजवणाऱ्याचे नाव अजूनही पुष्कळदा गळते, याची मला मनापासून खंत वाटते.

पाचव्या तारेचा इतिहास मात्र सरळ रेषेत चाललेला नाही. फेंडर कंपनीने १९६५ मध्येच पाच तारांचा बेस काढला होता. तथापि तिने वाढवलेली तार खाली नसून वर होती, आणि ते वाद्य थोड्या वर्षांत बंद पडले. १९७५ मध्ये अँथनी जॅक्सन या वादकाने कार्ल थॉम्पसन नावाच्या कारागिराकडून वर एक आणि खाली एक तार वाढवलेला सहा तारांचा बेस करवून घेतला. पुढच्याच वर्षी जिमी जॉन्सन या वादकाच्या हाती आलेल्या आलेम्बिक कंपनीच्या पाच तारांच्या बेसवर पांढरी सातची खालची तार चढली, आणि आज आपण ज्याला पाच तारांचा बेस म्हणतो तो खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाला. त्याला व्यापक मागणी आली ती १९८० नंतरच्या दशकात. त्या काळी विजेवर चालणारे सिंथेसायझर गाण्याचा तळ सांभाळू लागले होते, त्यांना पांढरी तीनच्या खाली उतरण्यास कसलीच आडकाठी नव्हती, आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आपली जागा टिकवायची तर बेस वादकालाही तेवढे खाली उतरणे भाग पडले. जर्मनीतील मोठ्या वाद्यवृंदांत डबल बेसला पाचवी तार लावण्याची चाल याच्याही पूर्वीची आहे. यास्तव खाली उतरण्याची ही ओढ केवळ एका काळाची लहर होती, असे म्हणता येत नाही.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. नाशिक हे तंबोऱ्याचे गाव आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपल्या उत्तरायुष्यात येथे रामनाम आधार आश्रम स्थापिला, आणि पंचवटीच्या परिसरात भजनाचे व गाण्याचे जे संस्कार त्या काळी रुजले त्यांचा माग आजही लागतो. अशा गावातील श्रोत्याला षड्ज म्हणजे काय आणि खर्ज म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. पुरुष गवई साधारणतः पांढरी एक ते काळी दोन या टापूत गातात. काळी एकचा मर्दानी तंबोरा घेतला, तर त्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते. हाच स्वर चार तारांच्या बेसवर पांढरी सहाच्या तारेच्या चौथ्या पडद्यावर मिळतो. म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार जिथे आहे, तिथवर चार तारांचा बेस निर्वेध पोचतो. त्याच्या खाली उतरू लागले की निषाद, धैवत, पंचम, मध्यम आणि गांधार एवढे स्वर सापडतात, आणि गांधाराखाली अर्ध्या स्वरावर, ऋषभाला पोचण्यापूर्वीच, वाद्य संपते. पंचमापासून षड्जावर सरळ उतरत येणारी एखादी जागा बेसवर वाजवू पाहणाऱ्याला गांधारावर आल्यावर उलटून एक सप्तक वर उडी मारावी लागते, आणि गाण्याला जिथे विसावा हवा होता तिथे धक्का बसतो. पांढरी दोनमध्ये ऋषभ मिळतो, पण षड्ज मिळत नाही. काळी दोनमध्ये तर षड्ज अवघ्या अर्ध्या स्वराने हुकतो.

पांढरी सातची पाचवी तार नेमकी हीच उणीव भरून काढते. तिच्या पहिल्या पडद्यावर पांढरी एक, दुसऱ्यावर काळी एक, तिसऱ्यावर पांढरी दोन आणि चौथ्यावर काळी दोन असे स्वर येतात. म्हणजे मराठी पुरुष गवयांच्या बहुतेक पट्ट्यांचे अतिखर्जातील षड्ज तिच्या पहिल्या चार पडद्यांत एका ओळीने बसलेले आहेत. पाश्चात्त्य वादकाला ही तार हवी असते ती बहुधा आवाजाच्या वजनासाठी. आपल्या अभंगाच्या, भावगीताच्या किंवा नाट्यपदाच्या साथीला ती हवी ती षड्जासाठी, आणि हे कारण मला अधिक मातब्बर वाटते. अभंगाचे शेवटचे आवर्तन संपून टाळ-पखवाज थांबत असता तंबोऱ्याच्या खर्जाखाली आणखी एक सप्तक उतरून जो बेस षड्जावर स्थिर होतो, त्याने गाण्याला दिलेला आधार प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय सांगून समजणार नाही.

बायकांच्या पट्ट्यांची गोष्ट निराळी आहे. काळी चारचा षड्ज चार तारांच्या बेसवरील सर्वांत खालच्या तारेच्या चौथ्या पडद्यावर आणि काळी पाचचा सहाव्या पडद्यावर मिळतो. ५२ आणि ५८ कंपनांचे ते स्वर पुरेसे खोल आहेत, आणि केवळ एवढ्यासाठी पाचवी तार घेण्याचे प्रयोजन नाही. तरी एक सोय सांगितली पाहिजे. पाच तारांच्या बेसवर काळी चारचा तोच षड्ज पाचव्या तारेच्या नवव्या पडद्यावरही आहे, आणि तेथे हात ठेवला म्हणजे नवव्या ते तेराव्या पडद्याच्या दरम्यान, हात न हलवता, त्या पट्टीची पूर्ण दोन सप्तके बोटांखाली येतात. गायकाचा घसा बसलेला असतो, पडदा उघडण्यापूर्वी पाच मिनिटे 'आज एक पट्टी खाली घ्या' असा निरोप येतो, कीबोर्डवाला एक कळ दाबून मोकळा होतो आणि बेसवाल्याला सगळ्या जागा नव्याने शोधाव्या लागतात. अशा प्रसंगी मोकळ्या तारांवर अवलंबून न राहता सगळी बोटे एकाच आकृतीत खाली-वर सरकवता येणे ही मामुली गोष्ट नव्हे. चार तारांवर मोकळ्या पांढरी तीनच्या खाली सरकायला जागाच नसते.

पाचवी तार घ्यायची असे ठरले, तर मग निवड कशाची करायची? माझे उत्तर असे, की निवड त्या एका तारेची करायची; बाकीच्या चार तारा आज मध्यम किमतीच्या वाद्यांवरही बहुधा चांगल्या वाजतात, कसाला लागते ती पाचवीच. याचे कारण साध्या गणितात आहे. तारेचा स्वर तिची लांबी, तिचा ताण आणि तिचे वजन या तीन गोष्टींवर ठरतो. पांढरी तीनवरून पांढरी सातवर उतरताना कंपने तीन-चतुर्थांश होतात; लांबी आणि ताण तेच ठेवायचे म्हटले, तर तारेचे वजन जवळजवळ पावणेदोन पट करावे लागते. नेहमीच्या संचात पांढरी तीनची तार इंचाच्या सहस्रांशांत १०५ जाडीची असते. या हिशेबाने पाचवी तार १४० हवी. पण एवढी जाड तार ताठर होते, तिच्यातून निघणारे वरचे उपस्वर आपल्या जागेवरून चढे लागू लागतात आणि स्वर गढूळ होतो. म्हणून बाजारात मिळणारी पाचवी तार साधारणतः १२५ ते १३५ जाडीची असते, आणि ती कमी वजनाची तार खाली उतरवण्यासाठी ताण सोडावा लागतो. ढिली तार छेडताक्षणी स्वर किंचित चढा निघून मग खाली बसतो, ती पडद्यांवर खडखडते, आणि बाकीच्या चार तारांच्या तुलनेत तिचा आवाज लोंबल्यासारखा वाटतो. ताठरपणा आणि ढिलाई या दोन दोषांमधून कारखानदाराने कोणता मार्ग काढला, यावर त्या वाद्याची योग्यता ठरते.

एक मार्ग लांबी वाढवण्याचा आहे. ३४ इंचांऐवजी ३५ इंच लांबी घेतली, तर तीच तार त्याच स्वरात सुमारे सहा टक्के अधिक ताणली जाते. ही तफावत कागदावर लहान दिसते, पण बोटाला कळते. उलट पहिल्या पडद्यांमधील अंतर वाढल्यामुळे आखूड बोटांच्या वादकाला तिची किंमत मोजावी लागते. रॅल्फ नोव्हॅक या कारागिराने पडदे पंख्यासारखे तिरके बसवण्याची जी हिकमत १९८० नंतरच्या दशकात रूढ केली, तिने प्रत्येक तारेला वेगळी लांबी देता येते. कॅनडातील डिंगवॉल यांच्या वाद्यांत पाचवी तार ३७ इंच आणि पहिली ३४ इंच असते, आणि त्यांच्या पाचव्या तारेचा कसदारपणा वादकांमध्ये प्रसिद्ध आहे. ती वाद्ये महाग आहेत. सामान्य ग्राहकाने त्यांच्यामागे धावू नये. ३४ इंचांतही उत्तम पाचवी तार देणारी वाद्ये पुष्कळ आहेत, मात्र ती एकेक वाजवून निवडावी लागतात, कारण एकाच कारखान्याच्या एकाच नमुन्याच्या दोन वाद्यांतही फरक निघतो.

ही परीक्षा करण्याची एक रीत मी येथे थोडी विस्ताराने सांगतो, कारण तिच्यात आपल्या कानाला परदेशी कानापेक्षा अधिक तयारी आहे असे मला वाटते. तंबोरा उत्तम मिळाला आणि जवारी खुलली म्हणजे खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार ऐकू येतो, हे गाणे शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. कोणी छेडलेला नसताना तो स्वर हवेत उमटतो, आणि खर्ज निर्दोष असल्याचा त्याहून मोठा दाखला नाही. बेसच्या पाचव्या तारेलाही हाच न्याय लावावा. तार दाबू नये; बाराव्या पडद्याच्या बरोबर वर बोट हलके टेकवून छेडावी, म्हणजे वरचा षड्ज निघतो; सातव्यावर टेकवले की पंचम, पाचव्यावर त्याहून वरचा षड्ज, आणि चौथ्या पडद्याच्या किंचित अलीकडे टेकवले की गांधार. चांगल्या वाद्यावर हे चारही स्वर स्वच्छ, लांब आणि सुरेल निघतात. गांधार मुळीच निघत नसेल, घोगरा निघत असेल किंवा चढा लागत असेल, तर आधी तार जुनी झाली आहे काय ते पाहावे; तार नवी असूनही तेच होत असेल, तर ते वाद्य खाली ठेवावे, मग त्याचे लाकूड कितीही देखणे असो. यानंतर पाचवी तार पाचव्या पडद्यावर दाबून वाजवावी आणि लगेच शेजारची पांढरी तीनची मोकळी तार वाजवावी. दोन्ही एकच स्वर देतात, तेव्हा त्यांचे वजन आणि पोत एका घराण्याचे वाटले पाहिजेत. वर पहिल्या तारेपर्यंत प्रत्येक पडद्यावर स्वर धरून तो किती काळ टिकतो तेही पाहावे, कारण पुष्कळ बेस गिटारींत पहिल्या तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादी जागा मुकी असते.

उपस्वरांवर इतका भर देण्याचे आणखी एक कारण आहे. ३१ कंपनांचा मूळ स्वर माणसाच्या कानाला फार क्षीण ऐकू येतो, आणि बेसचे पुष्कळ स्पीकर ४०-५० कंपनांच्या खाली दुबळे पडतात. तरीही आपल्याला तो खालचा स्वर ऐकू आल्याचा प्रत्यय येतो, कारण त्याचे ६२, ९३ आणि १२४ कंपनांचे उपस्वर कानावर पडले म्हणजे मेंदू त्यांवरून खालच्या मुळाचे अनुमान करतो. तेव्हा पाचव्या तारेचा खर्ज म्हणून श्रोत्याला जे ऐकू जाते, त्याचा मोठा हिस्सा वस्तुतः तिच्या उपस्वरांचा असतो, आणि ज्या तारेचे उपस्वर गढूळ तिचा खर्जही गढूळ. दुकानातली खोली या बाबतीत मोठी फसवी ठरते. ३१ कंपनांच्या ध्वनिलहरीची लांबी ११ मीटर भरते. दुकानाची किंवा तालमीची खोली त्याहून लहान असली, की उभे राहण्याची जागा चार पावले बदलताच तोच स्वर दुप्पट होतो किंवा नाहीसा होतो. म्हणून खोलीत दोन-तीन ठिकाणी उभे राहून ऐकावे, आणि आपल्या ओळखीचा चांगला हेडफोन बरोबर नेऊन त्यावरही ऐकावे.

वाद्य हाताला कसे बसते, हा भाग प्रत्येकाने स्वतः ठरवायचा आहे. त्यातल्या तीनच गोष्टी नमूद करतो. घोडीपाशी दोन तारांमधले अंतर चार तारांच्या बेसवर बहुधा १९ मिलिमीटर असते. पाच तारांच्या वाद्यांत ते साडेसोळापासून १९ पर्यंत आढळते. अंगठ्याने ठोके देऊन वाजवणाऱ्याला रुंद अंतर मानवते, बोटांच्या टोकांनी वाजवणाऱ्याला अरुंद अंतरात दांडी सडपातळ मिळते. दुसरी गोष्ट अशी, की पाचवी तार न वाजवतानाही वाजत राहते. सतारीवर तरफेच्या तारा आपोआप झंकारतात तो तिचा अलंकार आहे. बेसवर मात्र हा झंकार दोष ठरतो, स्पीकरमधून तो घुमत राहतो आणि सगळे गाणे चिखलात रुतते. यासाठी उजव्या हाताचा अंगठा पाचव्या तारेवर टेकवून ठेवण्याची आणि बोटे वरच्या तारांवर गेली की त्याला त्यांच्यामागे सरकवण्याची सवय लावून घ्यावी लागते. चार तारांवरून आलेल्या वादकाचे पहिले काही महिने याच अभ्यासात जातात, आणि जावेत. तिसरी गोष्ट, वाद्य बसून वाजवून पाहून घेऊ नये. पट्टा गळ्यात घालून उभे राहावे आणि हात सोडून द्यावेत. दांडी जमिनीकडे झुकत असेल, तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा हात वाजवण्याऐवजी वाद्य सावरण्यात थकेल.

विजेच्या भागाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. काही वाद्यांत नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे मंडल असते, काहींत नसते. दोन्हींतून उत्तम आवाज निघतो, फक्त बॅटरीच्या वाद्याबरोबर दुसरी बॅटरी खिशात बाळगावी.

हवामानाविषयी मात्र नाशिककरांनी सावध राहिले पाहिजे. एप्रिल-मे मधील कोरडा उन्हाळा, चार महिन्यांचा दमट पावसाळा आणि निफाडचा पारा वर्तमानपत्रांत बातमी होऊन येतो अशी थंडी, या तीन ऋतूंतून वाद्य जाते, आणि पाच तारांचा एकत्रित ताण सोसणाऱ्या दांडीचा बाक प्रत्येक ऋतूबरोबर थोडा बदलतो. दांडीच्या आत एक पोलादी सळई असते, तिचा नट फिरवून हा बाक सुधारता येतो; खरेदी करताना तो नट दोन्ही दिशांना फिरतो की अडकून बसला आहे, याची खातरजमा दुकानदाराकडूनच करून घ्यावी, विशेषतः वाद्य जुने असेल तर. वर्षातून दोनदा, पाऊस सुरू झाल्यावर आणि संपल्यावर, तारांची उंची तपासण्याची तजवीज ठेवावी.

नाशकातील बेस वादकाला आणखी एका गोष्टीशी सामना करावा लागतो, आणि ती म्हणजे ढोल. नाशिक ढोलाची ख्याती महाराष्ट्राबाहेर गेली आहे. त्याच्या जाड थापेचा आणि ड्रमच्या पायाने वाजणाऱ्या मोठ्या नगाऱ्याचा मुलूख बेसच्या पाचव्या तारेच्या मुलखाला लागूनच आहे. मिरवणुकीच्या किंवा उत्सवाच्या मंचावर ढोल घुमत असताना पाचव्या तारेवर लांब स्वर धरले, तर तिघांचाही एकच गलबला होतो आणि कोणाचेच काही ऐकू येत नाही. अशा वेळी पाचवी तार सोडून वर वाजवावे, किंवा थाप आणि स्वर एकाच मात्रेवर आणून स्वर लगेच दाबावा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला द्राक्षमळ्यात २००८ मध्ये जो संगीतमहोत्सव सुरू झाला, त्याच्या मोकळ्या आवारात, मोठ्या स्पीकरांवर हीच पाचवी तार छातीत जाणवते. बंद सभागृहात तिला लगाम घालावा लागतो. जागा पाहून तिचा वापर करणारा वादक मला केव्हाही अधिक जाणता वाटतो.

खरेदीसाठी मुंबईला जाणे मी पसंत करीन. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने निघून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले, की धोबी तलावाचा भाग पायी जाण्याच्या टप्प्यात आहे; १८६५ पासून चालत आलेली फुर्टाडोजसारखी पेढी त्याच परिसरातली, आणि एका दिवसात यामाहा, आयबानेझ, कॉर्ट, स्क्वायर अशा चार-पाच कारखान्यांची वाद्ये एकामागून एक हाती घेता येतात. घरबसल्या चित्र पाहून मागवलेल्या वाद्याची पाचवी तार कशी निघेल, हे मागवणाराही सांगू शकत नाही आणि विकणाराही. जाताना आपल्या गवयाच्या पट्टीतला षड्ज मोबाइलवरील तंबोऱ्यात लावून न्यावा, आणि त्या षड्जावर प्रत्येक वाद्याची पाचवी तार वाजवून पाहावी. जुने वाद्य मिळत असेल तर तेही विचारात घ्यावे. वाजत राहिलेल्या वाद्याचे दोष एव्हाना उघड झालेले असतात आणि ते लपवता येत नाहीत.

पैशाविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्या गायकांत पुरुष अधिक आहेत, पट्ट्या पांढरी एकपासून काळी दोनपर्यंतच्या आहेत आणि साथ अभंगाची किंवा भावगीताची आहे, त्याने पाच तारांचा बेस घ्यावा, आणि ठरवलेल्या रकमेचा निदान एक-तृतीयांश वाटा खालचे स्वर पेलणाऱ्या स्पीकरसाठी राखून ठेवावा, कारण लहान स्पीकरवर पाचव्या तारेचे दान वाया जाते. ज्याची साथ मुख्यत्वे काळी चार-काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकांना आहे, किंवा ज्याच्यापाशी पैसे एकाच चांगल्या वस्तूपुरते आहेत, त्याने पाच तारांच्या बेताच्या वाद्याऐवजी चार तारांचे उत्तम वाद्य घ्यावे.